माफीपत्र

घसा बसल्यामुळे एक बडबडी पेशंट दवाखान्याच्या बाकावर गपगुमान बसली होती, कान मात्र काउंटरकडे टवकारलेले! तिथे मॅनेजरसाहेब नर्सबाईंचं इंग्रजी माफीपत्र तपासत होते.

"फ्रिजचा प्लग 'ही'ने काढला? हा 'ही' कोण?"

"तुम्हीच, साहेब. तुमचा मोबाइल चार्जिंगला लावलात आणि सगळ्या लसी खराब झाल्या."

"तिथे 'आय' लिहा."

"पण साहेब..."

"नोकरी टिकवायचीय ना, बाई? आणि हे काय? पाच वर्षं 'आय'ने एकही लस वाया जाऊ दिली नाही?"

"ते खरंच मी केलंय."

"एवढा मीपणा बरा नव्हे. तिथे 'वी' करा."

"आणि शेवटचं 'आय ॲम सॉरी'?"

"ते अगदी बरोबर आहे. करा सही."