नऊ व्हिडिओ, नऊ प्लेअर

सून : बाबा, एका कॉम्प्युटरवर नऊ प्लेअर? एवढ्यांचं करायचं काय?

सासरे : अगं, नातीचे, आपल्या चिमणीचे, नऊ व्हिडिओ आले ना. एकाचा सदरा दुसऱ्याला बसतो का? चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय मी. ज्याला त्याला आपापला.

सून : एकच चांगला प्लेअर सगळे व्हिडिओ चालवतो. बाकीचे आठ काढून टाकते.

सासरे : काढ. एकाचाही आवाज धड नाही मेल्यांचा. पोरीचं एक अक्षर कळत नाही.

सून : पण उत्तरं तर पाठवता. ‘वा, शाब्बास. हो बेटा, नक्की.’

सासरे : मग काय पाठवू? आजोबाचे कान गेले म्हणून? सहा वर्षांची नात भडाभडा बोलते आणि मी नुसती मान डोलावतो. लाज वाटते गं.

सून : म्हणजे दोष कानांचा आणि बोल प्लेअरला. आधी नाही का सांगायचं? हा ठेवू. यात आवाज शंभर टक्क्यांच्या वर जातो, वेगही कमी करता येतो.

सासरे : म्हणजे पोरगी म्हशीसारखी रेकणार.

सून : नाही हो, आवाज तिचाच, फक्त सावकाश. तसंच कायम करून ठेवते. कोणता लावू?

सासरे : गेल्या आठवड्यातला. हातवारे करत होती तो.

(व्हिडिओ सुरू होतो. दोघं ऐकतात.)

सासरे : ‘आजोबा’ म्हणाली. अगदी स्पष्ट.

सून : पुढचं ऐका.

सासरे : नाटकात अस्वल झालीय... आणि पोशाख मी शिवणार? कोण म्हणालं असं?

सून : तुम्हीच. हिनं विचारलं, तुम्ही ‘हो बेटा, नक्की’ लिहिलंत. ताई फोनवर म्हणाल्या, लेक वर्गभर सांगत सुटलीय. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.

सासरे : मेलो. नाटक कधी?

सून : पुढच्या शनिवारी. जमणार नाही म्हणून कळवू? मशीनला दोन वर्षं हात लावला नाहीत तुम्ही.

सासरे : खबरदार. मशीनवरची खोळ काढ आधी. आणि थांब, शेपटीचं काय म्हणाली, ते परत लाव.

सून : जमिनीला टेकेल एवढी हवी.

सासरे : अस्वलाला?

सून : तिच्या अस्वलाला.

सासरे : असू दे, गिऱ्हाईक म्हणेल तसं. तिच्या आईला फोन लाव, मापं माग.

सून : आणि चिमणीला काय सांगू?

सासरे : सांग, या खेपेला आजोबांनी ऐकून ‘हो’ म्हटलंय.