सुनेच्या हातचं वाडगं

—नाही रे, चुकला नाहीस, हेच ते. बस इथं पायरीवर. किल्ली कुलिपाताईंकडं असते, आणि बैठक त्याच चालवतात म्हटल्यावर त्यांना उशीर झालेला चालतो. पाटी वाचलीस ना? वाचली असणारच! ‘दारू सोडणाऱ्यांची बैठक’ — पार नारिन शहराच्या बाजारातून दिसतील एवढी अक्षरं! काय गरज होती? मी घरी सांगतो, इथं बुद्धिबळ खेळायला येतो. त्यातला घोडा कसा चालतो तेसुद्धा मला ठाऊक नाही. खरी घोडी ठाऊक आहे, आणि तिच्याच दुधानं घात केला माझा.

कुमीस रे! घोडीचं आंबवलेलं दूध. तू काय प्यायला नाहीस? आपल्याकडं लेकरांना पाजतात, आजाऱ्याला पाजतात. मी आपलं सहज विचारलं आत — ताई, कुमीस चालेल ना? तर म्हणतात, थोडी का होईना दारू असतेच त्यात, तुम्हाला नाही चालायचं. झालं! सगळ्यांनी माना डोलावल्या. बरं बाबा, नाही तर नाही. पण नाही म्हणायचं कसं, ते कोण शिकवणार?

ऐक. माझ्या एमिलचं लग्न झालं. सून अयचुरोक — शाळेत शिकवते, गुणाची पोर. वर कुरणावर तंबू टाकला, तिच्या माहेरची माणसं आली. हंगामाचं पहिलं कुमीस, आणि पहिलं वाडगं नव्या सुनेनं सासऱ्याला द्यायचं. उभी राहिली पोर माझ्यापुढं, वाकून, वाडगं दोन्ही हातांत धरून — आणि मी ते हातानं मागं सारलं. ‘नुसतं ओठाला लावायचं होतंस!’ — आता जो तो मला शहाणपण शिकवतो. ओठाला लावून ज्याचं भागतं तो इथं कशाला झक मारायला येईल? नुसत्या वासानं तोंडाला पाणी सुटलं होतं माझ्या! तिचा बाप उठला, घोड्यावर बसला, चालता झाला. सुनेच्या हातचं नाकारलं म्हणजे सूनच नाकारली, दुसरा अर्थच काढत नाहीत आपल्यात. तेव्हापासून पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि आज संध्याकाळी बाप येतोय तिला कायमची परत न्यायला. आज!

एमिल? तो म्हणतो, तुम्ही व्होडका सोडलीत ना, मग दुधाला कसले भिता? त्याला मी बापडा काय समजावणार! आणि कुलिपाताई म्हणतात, सुनेला सरळ सांगून टाका. यांचं काय जातंय सांगायला! आत मी उठून म्हणतो की, मी तोक्तोरबाय, मी दारुडा — पाठ झालंय, काही वाटत नाही. पण तिच्यापुढं? सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही ती पोर, एवढा मान देते. अख्ख्या गल्लीनं मला गटारात पडलेलं पाहिलंय, पोटच्या पोरानं उचलून आणलंय. एकट्या तिनंच पाहिलेलं नाही. एमिलला शपथ घातलीय मी, तिला कळू द्यायचं नाही म्हणून. तेवढी एकच उरलीय रे मला, एकच जण! — जाऊ दे. तू आजच आलायस, तुला कशाला सांगतोय मी हे सगळं.

थांब थांब. ती कोण येतेय? अरे बापरे, सूनच की! ऊठ, ऊठ लवकर, त्या पाटीपुढं उभा राहा. खांदे ताठ कर! आणि बुद्धिबळ हं, बुद्धिबळ!

—ये गं पोरी. एवढ्या लांब कशाला आलीस? चहा आणलास? अगं, बुद्धिबळात कुठं तहान लागते… हा? हा नवीन आहे, शिकायला आलाय. तिकडं काय बघतेस? काही नाही तिथं, जुनी पाटी आहे कसली तरी. — अरे, नीट उभा राहा ना, गाढवा!

…वाचलंस होय.

…काय? कुमीसमध्ये दारू? …हो. असते गं. थोडी असते.

नाही, नाही, रडू नकोस. तुझ्यामुळं नाही, पोरी. तुझं काहीच चुकलं नाही. ओत तो चहा, दे इकडं. असा नाही — त्या दिवशी वाडगं दिलंस ना, तसा, दोन्ही हातांनी दे.

—आणि तू काय बघत उभा राहिलायस? सरक आता त्या पाटीपुढून.