शेवटच्या पाच थापा

लुब्वामा : एकतीस जण आले. मी मोजले. त्यातले सात रडत होते, बाकीचे सोबतीला.

कासोझी : ताता, दारात आल्यापासून तीनदा माफी मागितली मी तुमची.

लुब्वामा : मी केळीच्या सावलीत बसून रात्री उरलेलं, शिजवलेल्या केळ्यांचं मटोके खातोय, आणि माझी सख्खी बहीण अंगणात येऊन माझ्याच नावानं ऊर बडवतेय. म्हटलं, नाबुकीरा, घास तर गिळू दे. तर ती आणखीच किंचाळली.

लामुनू : कासोझी, हे तुझे वडील? मी तासभर माइकसमोर उभी आहे. चार वाजता सगळा अल्बम तबकड्या छापणाऱ्यांकडे जायचाय, आणि माझ्या खुर्चीत कोणाचा तरी ढोल बसलाय.

लुब्वामा : तो तिथेच बसेल. घरी एकटा ठेवत नाही मी त्याला आता. ही कोण?

कासोझी : लामुनू. उत्तरेकडच्या गुलूची. अल्बम आमच्या दोघांचा आहे. शब्द तिचे, आवाज माझे.

लुब्वामा : आवाज तुझे? चौथ्या गाण्यातला आवाज माझा आहे. दोन वर्षांमागं डिसेंबरात तुझा काका गेला, मी ढोलावर कुळाला बोलावणारी हाक वाजवली, आणि तू भिंतीला टेकून फोन धरून उभा होतास. मला वाटलं, पोरगं तोंड लपवून रडतंय.

लामुनू : थांबा जरा. तो ढोल मयताचा आहे? तू मला लग्नातला म्हणालास.

कासोझी : घरातला म्हणालो.

लामुनू : लग्नातला म्हणालास. त्यावर मी माझ्या भावाला अकरा मिनिटं शिव्या घातल्यात. मयताच्या ढोलावर.

लुब्वामा : भावाला कशाबद्दल?

लामुनू : ते गाण्यात आहे.

लुब्वामा : गाण्यापर्यंत पोचलंय कोण? हे एक गाणं तुम्ही आगाऊ सोडलंत. कातोंगोले न्हाव्यानं नवा स्पीकर आणला, सकाळी सातला दुकानाबाहेर मांडला, तोंड दलदलीपलीकडच्या आमच्या घरांकडे, आणि हेच लावलं. सुरुवातीला चाळीस सेकंद नुसता माझा ढोल. मग म्हणे याची गुरगुर सुरू होते, गिरणीत खडे पडल्यासारखी. ती सुरू व्हायच्या आत वीज गेली.

कासोझी : वीज मी घालवली नाही.

लुब्वामा : शेवट तू घालवलास. पोरी, तुला सांगतो, याला सांगून झालंय. हाक सगळ्या कुळाला असते. कुठल्या घरी जायचं ते शेवटच्या पाच थापा सांगतात. त्या असत्या तर लोक म्हणाले असते, हा जुनाच निरोप, याला तर आपण पुरून आलो. यानं त्याच कापल्या.

कासोझी : माझ्या तालाच्या फेऱ्यात बसत नव्हत्या.

लुब्वामा : आणि हाक मध्येच थांबली तर आमच्याकडे एकच अर्थ. वाजवणाराच आडवा झाला. म्हणून सगळे नीट तयारीनं आले. मला गुंडाळायला झाडाच्या सालीची तीन कापडं. एकाला भोक. ते कोणी आणलं हे माझ्या ध्यानात आहे. शेजारचा सेंटोंगो तर अंगणात शिरायच्या आधी माझ्या बागेची हद्द पावलांनी मोजून आला.

लामुनू : एक तरी माणूस कामाचा निघाला.

लुब्वामा : हस. उत्तरेकडे हाक नसते वाटतं तुमच्यात?

लामुनू : असते. आम्ही शिंग फुंकतो. आणि आमची पोरं ते चोरून विकत नाहीत.

कासोझी : वा. हेच गाणं ऐकून तू म्हणाली होतीस, बाकीची दहा फेकून दे.

लामुनू : तेव्हा तू खोटारडा आहेस हे मला ठाऊक नव्हतं.

लुब्वामा : काढून टाक ते.

कासोझी : ते काढलं तर अल्बमच राहत नाही, ताता. दोन वर्षं घातलीत मी. बाकीची गाणी त्याच ढोलाच्या तुकड्यांवर उभी आहेत. कुठे उलटा केलाय, कुठे ताणलाय, कुठे पाण्याखाली वाजल्यासारखा केलाय. तुम्हाला ओळखूसुद्धा येणार नाही.

लुब्वामा : म्हणजे अकरा ठिकाणी पुरलंस मला.

लामुनू : काढायचं असेल तर माझा आवाजही काढ. ती अकरा मिनिटं मी दुसऱ्या कशावर पुन्हा बोलणार नाही. एकदाच निघालं ते.

कासोझी : पण झालं काय एवढं? लोक आले, तुम्ही धडधाकट दिसलात, चहा प्यायले, घरी गेले.

लुब्वामा : हसत गेले. आता नीट ऐक. कधीतरी मी खरंच जाईन. कोणीतरी हा ढोल काढून वाजवेल. आणि सगळे बसल्या जागी म्हणतील, कासोझीचं गाणं लागलं वाटतं. एकतीस सोड, नाबुकीरासुद्धा उठणार नाही. गुडघा दुखतो तिचा. दोनदा नाही फसायची ती.





लामुनू : कासोझी, त्या पाच थापा परत घाल. तुझ्याकडे असतील ना कुठेतरी.

लुब्वामा : त्या घातल्या की ती पुरती खरी हाक झाली. लोक फसणार नाहीत, पण न्हाव्याच्या दुकानातून रोज सकाळी याच्या काकाचं मयत.

लामुनू : म्हणजे काढता येत नाही आणि ठेवताही येत नाही.

कासोझी : ताता, तुम्हीच सांगा काय ते. चाराला वीस मिनिटं आहेत.

लुब्वामा : ढोल मांडीत घे. पाच थापा तू वाजव.

कासोझी : मला नाही येत त्या.

लुब्वामा : ठाऊक आहे. फेऱ्यात बसत नव्हत्या म्हणे. हाक कुठे संपते तेच तुला कळलं नाही. सात वर्षं शेजारी बसवलं तुला, आणि तू दर वेळी लघवीला म्हणून उठायचास ते थेट कॅसेटच्या दुकानात.

लामुनू : पण यानं वाजवून होणार काय?

लुब्वामा : हाक माझी, शेवट याचा. आमच्या कुळातला बहिराही सांगेल, हा वाजवणारा मेलेला नाही, याला वाजवताच येत नाही. कोणी घरातून पाऊल उचलणार नाही.

कासोझी : म्हणजे सगळ्या जगापुढे माझी नाचक्की.

लुब्वामा : मी एकतीस जणांपुढे मेलो. तू एवढं कर.

लामुनू : बस तिथे. बटण मी दाबते.

(कासोझी वाजवतो. पाच थापा. चौथी उशिरा पडते.)

कासोझी : पुन्हा घेऊ. चौथी चुकली.

लुब्वामा : नाही. हीच ठेव.

लामुनू : काका, खरं सांगू? गाणं आता जास्त बरं वाटतंय. याच्यावरचा राग मात्र तसाच आहे.

लुब्वामा : असू दे. माझाही आहे.

कासोझी : पाठवू?

लुब्वामा : पाठव. आणि रविवारी गावी ये. ढोल घेऊन बसायचंय.

कासोझी : आता कशाला? चुकीचंच हवंय ना तुम्हाला?

लुब्वामा : गाण्यात. माझ्या वेळी चौथी वेळेवर पडली पाहिजे.