पंचेचाळीस फूट आणि तीन फॉर्म

पोलीस ठाणे तिरोडा
दिनांक १२/११/२०१३, मंगळवार, सकाळी १०.३०

माझे नाव जागेश्वर हरिणखेडे, वय ५३ वर्षे, धंदा पूर्वी राईस मिलच्या यंत्रांचा जोडारी, सध्या जोडारी कामगार संघटनेचा सचिव व गावच्या वाचनालयाचा बिनपगारी ग्रंथपाल, राहणार चोरखमारा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, हा जबाब जितका ठाणेदार साहेबांसाठी आहे तितकाच तो लिहून घेणाऱ्या हवालदारांसाठी, दारात उभ्या असलेल्या होमगार्डसाठी आणि आयुष्यात एकदा तरी ज्यांना ‘इथं सही करा’ म्हणून बोट दाखवले गेले त्या सर्वांसाठी आहे. आपले सर्वांचे दुखणे एकच आहे. बोट सहीच्या जागेवर ठेवले जाते. त्या जागेच्या वर काय लिहिले आहे ते कोणी वाचून दाखवत नाही. बँकेत नाही, दवाखान्यात नाही, कारखान्यात नाही. हवालदारांनी मला मुद्द्याचे बोलण्यास सांगितले. मुद्दा हाच आहे. तरी घटना क्रमाने सांगतो.

आमच्या कारखान्यात धान भरडण्याची यंत्रे तयार होतात. काही वर्षांपासून ही यंत्रे टांझानिया देशात जातात. यंत्र पेटीत बंद होऊन जहाजाने जाते, पण ते तिथे उभे करायला माणूस लागतो. म्हणून येथील जोडारी दीड-दोन महिन्यांसाठी तिकडे जातात. यंत्राचा सर्वांत उंच भाग म्हणजे एलिवेटर, धान वर चढवणारा बादल्यांचा पट्टा. त्याची उंची पंचेचाळीस फूट असते. त्याचे डोके बसल्याशिवाय गिरणी चालत नाही आणि ते डोके खाली उभे राहून बसवता येत नाही. ही बाब लिहून घ्यावी, पुढे तिच्यावरच सर्व अवलंबून आहे.

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कामगाराचा कारखाना आजारपणाचा व अपघाताचा विमा काढतो. मागील वर्षी आमचे जोडारी दुधराम हे टांझानियात शिडीवरून अठरा फूट खाली पडले. मांडीचे हाड मोडले. तेथील दवाखान्याने विमा कंपनीला विचारले. कंपनीने इंग्रजीत कळवले की कामाचे स्वरूप खोटे सांगितल्यामुळे खर्च मिळणार नाही. दुधराम अकरा दिवस पाय बांधून पडून होते. ऑपरेशन येथे परत आल्यावर झाले. आता त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे व ते स्टोअरमध्ये बसतात.

त्या पत्रावरून माझी खात्री झाली की कारखान्याने खोटे लिहिले. मी या विषयावर तिरोडा बस स्टँडसमोर तीन वेळा भाषण केले. हवालदारांनी त्यातील एक ऐकले असल्याचे ते आता सांगत आहेत.

या महिन्यात खुमेंद्र, संजू व योगराज या तिघांचे टांझानियाला जाणे ठरले. उद्या बुधवारी दुपारी त्यांची गोंदियाहून मुंबईची गाडी आहे, गुरुवारी रात्री विमान. विमा प्रतिनिधी टेकचंद, राहणार गोंदिया, म्हणजे यातील फिर्यादी, हे काल सोमवारी सकाळी ११ वाजता विम्याची कार्डे देण्यास कारखान्यात आले. मी त्यांना सांगितले की कार्ड नंतर द्या. आधी पॉलिसी सर्वांसमोर मराठीत वाचून दाखवा. तिघांच्या घरच्यांना मी बोलावून ठेवले होते. कारखान्याचे व्यवस्थापक मोहनलाल यांनी आवारात ताडपत्री अंथरून दिली. मी व्यवस्थापकांना जाहीरपणे उघडे पाडणार होतो, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी चहाही सांगितला.

टेकचंद म्हणाले, “अठ्ठावीस पानं आहेत, जागेश्वरभाऊ. आजवर कोणी वाचायला नाही लावली. मी स्वतः भी नाही वाचली.”

मी म्हणालो, “मंग आज दोघंबी ऐकू.”

त्यांनी वाचण्यास सुरुवात केली. जबरदस्ती झाली असे त्यांचे म्हणणे आहे. पहिल्या दहा पानांपर्यंत त्यांना स्वतःलाच गोडी लागली होती, असे मी पाहिले. बायका प्रश्न विचारत होत्या व ते पान उलटून उत्तर शोधत होते. मलेरिया झाला तर चालतो. साप चावला तर चालतो. दात दुखला तर थोडा चालतो. खुमेंद्रची आई भागीरथाबाई, वय ६०, यांनी विचारले, “आन तथी भात नाही भेटला, पोट बिघडलं, तर?”

टेकचंद म्हणाले, “वो कवर है, माताजी.”

“भात कवर आहे का पोट?”

“पोट.”

“मंग भात मी बांधून देतो म्हणा,” असे मोहनलाल बोलले. व्यवस्थापकाने विनोद केल्याची माझ्या माहितीतील ही पहिली वेळ.

संजूची पत्नी रिंकी ही बारावी शिकलेली आहे. ती दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून ओळी तपासत होती. सतराव्या पानानंतर ती म्हणाली, “भाऊजी, तुमी दोन पानं उलटवली.” टेकचंद यांनी पाणी मागितले व नंतर ती पाने वाचली. त्यात असे होते की परदेशी मृत्यू झाल्यास पार्थिव घरापर्यंत आणून देण्यात येईल. कारखान्यात ग्राइंडर चालू होता, तो कोणीतरी बंद केला. भागीरथाबाई म्हणाल्या, “हेबी लिवलं आहे का? बरं आहे. लिवलेलं असावं.” मग त्यांनी टेकचंद यांना पुढे वाचायला सांगितले.

दुपारी सुमारे २ वाजता ते चोविसाव्या पानावर आले. तेथे असे होते की दहा फुटांपेक्षा उंच जागी काम करत असल्यास तसे फॉर्ममध्ये लिहिलेले असावे, नसल्यास तेथून पडल्यावर काहीही मिळणार नाही. मी उठून उभा राहिलो. माझे चौथे भाषण तयार होते. मी मोहनलाल यांच्याकडे हात करून म्हणालो की आता सर्वांसमोर फॉर्म काढा, कारखान्याने या गरिबांच्या नावावर काय लिहिले ते जगाला कळू द्या.

मोहनलाल यांनी फॉर्म काढले. प्रश्न नववा, उंच जागी काम करता काय? तिन्ही फॉर्मवर उत्तर होते, ‘नाही’. परंतु अक्षर कारखान्याचे नव्हते. संजूच्या फॉर्मवर रिंकीचे अक्षर होते. खुमेंद्रचा फॉर्म त्याने स्वतः भरला होता, घरी, आईशेजारी बसून. योगराजने संजूच्या फॉर्मवरून उतरवला होता.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या धंद्यात कोणीही जोडारी आपण वर चढतो असे घरी सांगत नाही. ‘मी खाली उभा राहून नट कसतो’ असे सांगण्याची पद्धत आहे. फॉर्म कारखाना घरी भरायला देतो. घरी फॉर्म भरताना आई किंवा बायको शेजारी असते. त्यामुळे उत्तर ‘नाही’ असे लिहिले जाते. मी स्वतः एकवीस वर्षे एलिवेटरवर चढलो. मी घरी काय सांगत होतो असे हवालदारांनी विचारले. ते या प्रकरणाशी संबंधित नाही.

रिंकी संजूला म्हणाली, “सा वर्सं झाली लग्नाले. खाली उभे राहून नट कसता म्हने! अवो, खाली उभंच राहाचं असन तर तुमाले विमानानं कायले नेतेत? मीच जातो ना टांझानियाले!”

लोक हसले. संजू हसला नाही.

तेव्हा दुधराम यांच्यासोबत ऐकायला आलेल्या त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई म्हणाल्या, “मागल्या साली ह्यांचा फॉर्म मी लिवला होता. ‘नाही’ मीच लिवलं. माह्या अक्षरात.”

दुधराम म्हणाले, “मी सांगतलं तेच तू लिवलं. तुह्या हातात तवा इळा होता, भाजी चिरून राहिली होती. खरं सांगाची हिंमत कोनाची आहे?”

पुन्हा सर्व हसले. सुलोचनाबाई पाणी आणायला गेल्या. पाण्याचा माठ त्यांच्या शेजारीच होता. त्या काही वेळाने परत आल्या.

माझ्या चौथ्या भाषणाचा कागद मी खिशात ठेवला. पहिल्या तीन भाषणांत कारखान्यावर केलेला खोटे लिहिण्याचा आरोप मी या जबाबाद्वारे मागे घेतो. परंतु फॉर्म घरी देऊन वर्षानुवर्षे एकदाही न वाचणारा कारखाना, न वाचता कार्ड देणारा प्रतिनिधी आणि न विचारता भाषण करणारा सचिव हे तिघे एकाच बाकावरचे आहेत, हे म्हणणे मी मागे घेत नाही.

याच वेळी टेकचंद उठले व म्हणाले, “अब तो कार्ड बन गया, भाऊ. पुढच्या वेळी पाहू.” ते गाडीकडे निघाले. २ वाजून १० मिनिटांनी त्यांच्या मोटारसायकलची चावी मी काढून खिशात ठेवली. ती ३ वाजून ४० मिनिटांपर्यंत माझ्याकडे होती. हे खरे आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, मी स्वतः केले. त्यांना कोंडले नाही, फाटक उघडे होते, त्यांना दोन वेळा चहा व एकदा भजी दिली. भजी त्यांनी पुन्हा मागितली.

मी तिघांना म्हणालो की नवीन फॉर्म येथेच भरा, पण लिहिण्याआधी उत्तर ज्याच्या-त्याच्या घरच्यांना तोंडाने सांगा. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सभा घेतल्या. इतकी शांत सभा पाहिली नाही. तिघेही पंचेचाळीस फुटांवर एका पायावर उभे राहणारे गडी आहेत. कोणी पुढे येईना.

शेवटी खुमेंद्र, वय २४, आईसमोर उभा राहून म्हणाला, “माय, मी वर जातो. पार मुंडीवर.”

भागीरथाबाई म्हणाल्या, “मले मालूम आहे बाप्पा. तुही पँट कोन धुते? जमिनीवर उभा राहनाऱ्याची पँट नडगीवर झिजत नाही.”

“मंग बोलली काऊन नाही?”

“तू सांगत नोवता, म्हणून मीबी नाही इचारलं. आता लिव. मोठ्या अक्षरात लिव.”

त्याने लिहिले. संजूचा फॉर्म रिंकीने भरला व ‘होय’ शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. संजूला तिने विचारले, “किती फूट?” तो म्हणाला, “चाळीस.” दुधराम मागून ओरडले, “पंचेचाळीस, लेका! आतातरी खरं सांग!” योगराजने यावेळीही संजूचा फॉर्म पाहूनच लिहिले, पण ते खरे होते. मोहनलाल यांनी तिन्ही फॉर्मवर सही-शिक्का केला व हप्ता वाढला तरी हरकत नाही असे सर्वांसमोर सांगितले. टेकचंद यांनी उरलेली चार पानेही वाचून संपवली व मी चावी परत केली. टेकचंद फॉर्म बॅगेत घालून निघाले.

त्यांनी फिर्याद का दिली हे मला आज सकाळी ठाण्याच्या पायरीवर त्यांच्याकडूनच समजले. काल दुपारी १ वाजता त्यांना तुमसरला मेहुण्यासाठी मुलगी पाहायला जायचे होते. सासरे वाट पाहून चिडले. ‘मी पाच तास पॉलिसी वाचत होतो’ यावर कोणाचा विश्वास बसेना. म्हणून ठाण्याचा कागद असावा, एवढ्यासाठी त्यांनी काल सायंकाळी फिर्याद दिली आणि पुरावा म्हणून बॅगेतील तिन्ही फॉर्म जमा केले. त्यांना फिर्यादीची नक्कल मिळाल्यास ते फिर्याद मागे घेण्यास तयार आहेत. ते आता बाहेर बाकावर बसले आहेत. माझा त्यांच्यावर राग नाही. अठ्ठावीस पाने पूर्ण वाचलेले बहुधा जिल्ह्यातील ते एकमेव विमा प्रतिनिधी आहेत.

टेकचंद यांचे म्हणणे असे की दुरुस्त फॉर्म आज सायंकाळी ५ पूर्वी नागपूरच्या विमा कार्यालयात पोचले तर उद्या सकाळी नवीन कार्डे निघतात. पोचले नाहीत तर तिघेही जुन्याच कार्डांवर विमानात बसतील, आणि त्या कार्डांप्रमाणे ते जमिनीवर उभे राहणारे लोक आहेत. तिथे पोचल्यावर ते चढणार आहेत. मी त्यांना ओळखतो. न चढण्याचे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

तुमच्या त्या लोखंडी कपाटात, मुद्देमालाचे लेबल लावून, तीन माणसांचे हातपाय ठेवलेले आहेत. चावी घेण्याबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. मला येथे बसवून ठेवावे, माझ्याकडे वाचायला पुस्तक आहे. टेकचंद यांची गाडी बाहेर उभी आहे व टाकी भरलेली आहे. हवालदारांनी घड्याळ पाहून आता बारा वाजत आल्याचे सांगितले.

हा जबाब हवालदारांनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला, मध्ये एकही पान उलटवले नाही. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो. ठाणेदार साहेब, कपाट उघडा आणि ते तीन फॉर्म आत्ता टेकचंदांच्या हातात द्या.

सही
जागेश्वर हरिणखेडे