आधी पाप की आधी मरण?

नाही, पण मी म्हणते, देवाने सहा दिवसांत अख्खं जग उरकलं, आणि या दोघा भावांना त्यातला एक मुद्दा तीस वर्षांत उरकता येऊ नये? तुम्हाला सांगते, आमच्या अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात दर रविवारी चर्च सुटलं की माझ्या टेबलावर तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, घेवडा... आणि आधी पाप की आधी मरण!

आमचे हे, थर्मन, चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रींच्या हाताखालचे कारभारी. मूठ आपटून म्हणायचे, "आदामाने देवाने मना केलेलं फळ खाल्लं, ते पहिलं पाप, तिथून मरण आलं! त्याआधी मुंगीसुद्धा मेली नाही!" आणि धाकटे एस्को भाऊजी, सगळा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, गालात हसत, "मग दादा, खाणीच्या छतात नेच्याची पानं दगड होऊन बसलीत, त्यांनी कुठलं फळ खाल्लं होतं?"

"पानांचं मरण धरत नाहीत!"

"आणि दगडातले मासे?"

"जलप्रलयात मेले!"

"मासे... बुडून?"

झालं! ह्यांचा चेहरा लालभडक, आणि भाऊजी मला शांतपणे, "वहिनी, अजून एक तंगडी वाढा." पुढच्या रविवारी पुन्हा तेच, आधी पाप की आधी मरण!

मग भाऊजींच्या छातीत ती कोळशाची धूळ बसली. दोन शब्दांत धाप लागायची. तरी हे रोज दुपारी बायबल काखेत मारून हजर! मी म्हटलं, "अहो, मरणाऱ्या माणसाशी कसले वाद घालता?" तर म्हणाले, "गप्प बसलो तर त्याला कळेल ना, तो मरतोय ते!"



शेवटच्या दुपारी भाऊजींनीच विचारलं, "दादा, माझं हे मरण... कुठल्या पापाचं रे?" आणि जन्मात तोंड न मिटलेला हा माणूस त्यांचा हात चोळत बसला. "तुझ्या नाही रे," एवढंच म्हणाला.

वर्षाने नवे पाद्री आले. पहिल्याच रविवारी गरजले, "पापाआधी मरण नव्हतं!" आणि भर चर्चमध्ये उठलं कोण? आमचे हे! "मग खाणीतले मासे काय बुडून मेले?" अगदी भाऊजींसारखी मान तिरकी करून! मी रुमालात तोंड खुपसलं; हसत होते की रडत, मलाच कळेना.

डीकनपद गेलं. त्याचं काही नाही हो. पण रविवारी समोर वाद घालायला कुणी नाही, तर ह्यांना घास उतरेना! मग काय, पाद्रीबुवांची बाजू आता मीच घेते. त्यातलं एक अक्षर पटत नाही मला... पण माणूस जेवायला तर हवा ना!