चार पावलांची राणी

सोमवारी माझं मौन असतं. दरेकशाच्या फलाटावर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारी आमच्या गल्लीतल्या शेठचे गडी, केवळराम आणि कवडू, बोलत होते. कवडूच्या हाती दोराला बांधलेली कुत्री होती.

“शिकाऱ्यानं राणीले वापस काऊन केलं, कवडू?”

“पळतच नाही म्हणे.”

“दोर ढिला आहे, तरी चार पावलांवर वळून राहिली.”

“शेठचा पिंजरा तेवढाच आहे. पिल्लं विकाची, माय कोंडून ठेवाची. रोज फिरवू द्या म्हटलं, तं म्हणे, कुत्री का वरातीचा घोडा आहे?”

“आता?”

“पुन्हा पिंजरा.”

गाडी आली.

“चढ ना बाप्पा.”

“तू जाय. मी इले जंगलातून चालवत नेतो. सालेकशाले सांजची गाडी धरीन.”

“शेठले काय सांगू?”

“गाडी चुकली म्हण.”

“सुमित्राबाईनं आयकलं ना.”

“त्यायचं आज मौन आहे.”