ज्याचा भोंगा त्यालाच

लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे कंपनीतल्या एक मॅडम आणि एक दाढीवाला इंजिनिअर उभे होते.

“मॅडम, सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सिस्टीमचं ठरलं का?”

“ठरलं एकदाचं. मुख्य खातं एकच, पण आत प्रत्येक टीमचं स्वतंत्र.”

“म्हणजे गोदामाचा सर्व्हर बसला तर माझा फोन बोंबलणार नाही?”

“नाही. तुझं बिघडलं तरच.”

“आणि सगळंच बसलं तर?”

“मुख्य खातं मी बघते ना. तू कशाला जीव टांगणीला लावतोस?”

“रविवारी लेकीची पोहण्याची शर्यत आहे. गेल्या वेळी ती जिंकली, तेव्हा मी पार्किंगमध्ये दुसऱ्यांचा बिघाड निस्तरत होतो.”

“मग सांग की तिला!”

“हॅलो, पिल्लू? रविवारी बाबा पहिल्या रांगेत! अगं हो, अख्खी शर्यत! काय? पोहता पोहता हात हलवशील? हरशील ना, वेडाबाई!”